घाटाची सायकल : सौंसर-पांढुर्ण्यातल्या पहिल्या जाड टायरांचे गणित

नव्वदच्या दशकात सौंसरच्या बाजारात ‘रेंजर’ हे एका मॉडेलचे नाव उरले नव्हते. सरळ हँडल, खडबडीत जाड टायर, आखूड मडगार्ड अशी कोणतीही सायकल दिसली की ती रेंजर. पांढुर्ण्यालाही तेच. कॉलेजात जाणारी पोरे तिला एमटीबी म्हणत. त्यातल्या ‘एम’चा अर्थ डोंगर आहे हे कळले तेव्हा आम्हांला वाटले, ही सायकल आमच्यासाठीच घडवलेली आहे, कारण सातपुडा आमच्या दारात होता. सातवीत असताना मला पहिली मिळाली. दुसरी, गिअरची, कॉलेजात असताना नागपूरहून आणली. या दोन सायकलींनी मला जे शिकवले ते आठवणींच्या भाषेत सांगता येईल, पण त्यात मुद्दा निसटतो. म्हणून इथे मी मापांच्या भाषेत बोलणार आहे.

प्रश्न एवढाच आहे : त्या पहिल्या सायकलीत डोंगराचे असे नेमके काय होते? ‘जाड टायर’ हे उत्तर तेव्हा सगळेच देत, आणि ते चूक आहे. सायकल चढावाची आहे की नाही, हे पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात ती किती मीटर पुढे जाते यावर ठरते. टायर, हँडल, रंग या गोष्टी त्यानंतरच्या. आणि आम्ही जिला म्हातारी समजून बाजूला सारले, त्या काळ्या दांडीच्या सायकलीच्या सांगाड्यात डोंगराचे गुण आमच्या समजुतीपेक्षा बरेच जास्त होते. या दोन गोष्टी मला पटवून द्यायच्या आहेत.

भूमी

पांढुर्णा आणि सौंसर हे छिंदवाडा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे मराठी बोलणारे तालुके. २०२३ मध्ये या दोहोंचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सातपुड्याचे पठार इथे नागपूरच्या मैदानाकडे उतरते. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटरवर आहे, सौंसर त्याच्या बरेच खाली. मधली उंची रामाकोना आणि उमरानाला यांच्यामधल्या टापूत तोडावी लागते. सडकेने ती सिल्लेवानीच्या घाटात तुटते, आणि नॅरोगेज गाडी होती तोवर ती भिमालगोंदी, कुकडीखापा अशी वळणे घेत तोडत असे. पांढुर्ण्याची बाजू वेगळी. तिथून मुलताईकडे चढ आहे, पण तो लांबवर पसरलेला आहे. कोणत्याही एका ठिकाणी छातीवर येत नाही, पण दहा किलोमीटरनंतर मांड्या सांगतात.

सडकेपेक्षाही सायकलीची खरी परीक्षा पांदणीवर होई. संत्र्याच्या बगीच्यांकडे, वावरांकडे जाणाऱ्या या गाडीवाटा. पांढुर्ण्याकडे काळ्या पाषाणाची माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला, चाकाला, बैलाच्या खुराला सोडत नाही. सौंसरच्या आसपास जमीन पालटत जाते. भूशास्त्रात सौंसरच्याच नावाने ओळखला जाणारा जुन्या खडकांचा समूह इथला : संगमरवर, अभ्रकाचा शिस्ट आणि मँगनीज. त्यामुळे एकाच दिवसाच्या फेरीत काळा चिखल, मुरूम आणि टोकदार दगड असे तिन्ही टायराखाली येत. शिवाय बाभळीचे काटे आणि सराटे. सायकल बनवणाऱ्याने आधी ही जमीन पाहिली असती, तर त्याने काय वेगळे केले असते, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

काळी सायकल

रेंजरच्या आधी घरोघरी होती ती दांडीची काळी सायकल. टीआय सायकल्स १९४९ साली मद्रासला, अ‍ॅटलस १९५१ साली सोनीपतला आणि हीरो १९५६ साली लुधियान्यात सुरू झाली, आणि या सगळ्यांनी जो नमुना लाखोंनी काढला तो मुळात इंग्लंडमधल्या जुन्या रोडस्टरचा. २८ × १½ चा टायर, म्हणजे रिमचा टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. सळ्यांचे ब्रेक. वजन वीस किलोच्या आसपास. लहान पोरांनी कैची मारत, म्हणजे दांडीखालून पाय घालून, शिकायची ती हीच.

तिच्या चिमट्याचा कल पाहावा. हँडलची नळी जमिनीशी साधारण ६५ ते ६८ अंशांचा कोन करते, म्हणजे चिमटा बराच पुढे झुकलेला आणि पुढचे चाक पायांपासून दूर. दोन चाकांतले अंतर लांब. हा आकार खराब रस्त्यांच्या काळात ठरला होता. चिमटा तिरपा असला की दगडाचा धक्का सरळ मनगटात न येता काही अंशी चिमट्याच्या वाकण्यात जिरतो. चाकांमध्ये अंतर लांब असले की उतारावर तोल पुढे जात नाही. आणि चाक मोठे असले की ते खड्ड्यात कमी उतरते. कॅरिअरवर दुधाचे दोन कॅन बांधून पांदणीने येणारा गवळी या तिन्ही गोष्टींवर रोज विसंबून असे.

आजच्या चांगल्या डोंगरी सायकलींच्या चिमट्याचा कोन ६४ ते ६६ अंशांपर्यंत खाली आला आहे. नव्वदच्या दशकात तो ७१च्या आसपास होता. चाकेही पुन्हा मोठी झाली. ज्याला आज २९ इंची म्हणतात त्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर आहे, काळ्या सायकलीपेक्षा फक्त १३ मिलिमीटरने कमी. जगभरच्या डोंगरी सायकलींनी तीस वर्षांत जो प्रवास केला, त्याचा एक भाग आमच्या गवळ्याच्या सायकलीच्या मापांकडे परत येण्याचा होता. हे लक्षात आल्यावर लहानपणी ज्या सायकलीला आम्ही नावे ठेवली तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटले.

कॅलिफोर्नियाचा क्रम

डोंगरी सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या परिसरात झाला. सत्तरच्या दशकात तिथल्या तरुणांनी भंगारातल्या जुन्या अमेरिकन सायकली उचलल्या, विशेषतः श्विन कंपनीच्या. श्विनने १९३३ मध्ये फुगीर टायर बाजारात आणला होता. त्याच्या २६ इंची रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर. तो मुलांच्या सायकलींसाठी होता, मजबूत असावा म्हणून. पुढे सगळ्या जगाच्या एमटीबीचे आणि आमच्या रेंजरचेही चाक याच मापाचे झाले. सौंसरच्या पांदणीवर फिरणारे ते चाक अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी ठरवलेल्या मापाचे होते.

ते तरुण आधी डोंगर चढत नव्हते. ट्रकमध्ये सायकली टाकून वर न्यायच्या आणि मातीच्या वाटेने खाली सोडायच्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली घड्याळ लावून शर्यत घेतली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यातली पुढे गाजलेली नावे. त्या उताराला ‘रीपॅक’ असे नाव पडले त्याचे कारण शुद्ध यांत्रिक आहे. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असे, पायडल उलटे दाबले की लागणारा. साडेतीन किलोमीटरच्या आत साधारण ४०० मीटर उतरताना त्या हबमधले वंगण तापून धूर होऊन उडून जाई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून त्यात नव्याने वंगण भरावे लागे.

याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरले, तर ४०० मीटर उतरताना सुटणारी ऊर्जा साडेतीन लाख ज्यूल होते. त्यातली काही हवेत आणि टायरात जाते, उरलेली ब्रेकमध्ये. एक लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळी फुटेपर्यंत न्यायला तीन लाख ज्यूलच्या आसपास लागतात. मुठीएवढ्या हबमध्ये एवढी उष्णता कोंडली, तर वंगण टिकणार कसे?

कोणता भाग कशानंतर आला, हा क्रम महत्त्वाचा. आधी जाड टायर, कारण तो जुन्या सायकलीला होताच. मग ब्रेक, कारण हब जळत होता. सुमारे १९७५ मध्ये गॅरी फिशरने आपल्या जुन्या श्विनला गिअर, मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर आणि ड्रम ब्रेक बसवले. त्याच्याही आधी, १९७४ अखेर, कॅलिफोर्नियातल्याच कूपर्टिनोच्या मंडळींनी अशाच गिअरवाल्या सायकली एका शर्यतीत आणल्या होत्या. आता ट्रक लागत नव्हता. पायाने वर जाता येत होते. १९७७ मध्ये जो ब्रीझने जुन्या श्विनचा सांगाडा डोळ्यांसमोर ठेवून नवा सांगाडा घडवला. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिचीने बनवलेले सांगाडे विकायला सुरुवात केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजंपर’ जपानात कारखान्यात बनू लागली, पंधरा गिअर्सची.

तिथे एकेक भाग गरजेतून आला. आधीचा भाग जिथे तुटला किंवा अपुरा पडला तिथे पुढचा आला. आमच्याकडे सगळे एकदम आले, कॅटलॉगमधून आले, आणि त्यात एक गोष्ट गाळलेली होती. टायर आला, सरळ हँडल आले, केबलचे ब्रेक आले. गिअर आले नाहीत. कारण उघड आहे : गिअरमुळे किंमत वाढते, आणि लहान गावातल्या मिस्त्रीकडे तो दुरुस्त होत नाही. यात मी कोणाला दोष देत नाही. पण ज्या भागासाठी हे सगळे घडले तोच भाग नसलेली वस्तू आम्ही डोंगराच्या नावाने घेतली, हे नोंदवले पाहिजे.

चढावाचे गणित

माझ्या पहिल्या सायकलीला पुढे ४४ दात होते आणि मागच्या फ्री व्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे २.४४ वेळा फिरते. २६ × १.९५ च्या टायराचा परीघ सुमारे २.०६ मीटर. गुणाकार केला की एका फेऱ्यात ५ मीटर. काळ्या सायकलीचे चाक मोठे, परीघ २.२३ मीटर, म्हणून तेवढ्याच दातांवर ती ५.४५ मीटर जाते. रेंजरने आम्हांला चढावावर जी काही मदत केली ती एवढीच, आठ टक्क्यांची, आणि तीही लहान चाकामुळे. ती मदत आम्ही टायराच्या खात्यावर जमा करत होतो.

आता सिल्लेवानीकडे चला. चढ सहा टक्के धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की सहा मीटर वर. मुलगा ५५ किलोचा, सायकल १८ किलोची, पाठीवर दोन किलो. एकूण ७५. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारे बल ४४ न्यूटन, टायर घासण्याचे ७, मिळून ५१ न्यूटन. पाच मीटरच्या फेऱ्याला २५५ ज्यूल. क्रँक १६५ मिलिमीटरचा, त्याच्या टोकाला पाय एका फेऱ्यात १.०४ मीटर फिरतो. भागाकार केला की पायावर सरासरी २५ किलोचे वजन टाकावे लागते. पण पाय सगळ्या फेऱ्यात सारखा जोर लावू शकत नाही. क्रँक आडवा असताना जोर सर्वांत जास्त लागतो, आणि तो ४० किलोच्या घरात जातो. पंचावन्न किलोचा मुलगा सीटवर बसून हे करू शकत नाही. त्याला उभे राहावे लागते.

चढ दहा टक्के झाला की सरासरी जोर ४० किलो आणि शिखर ६२. आता स्वतःचे सगळे वजन पायडलवर टाकूनही पुरत नाही. हँडल ओढून पायडल खाली दाबावे लागते. ज्याने हे केले आहे त्याला माहीत आहे, की पन्नासेक मीटरनंतर सायकल डावी-उजवी डोलू लागते आणि मग माणूस उतरतो. आम्ही उतरायचो. घाटात सायकल हातात धरून चालणाऱ्या मुलांची रांग हे त्या वर्षांतले नेहमीचे दृश्य होते. मोठी माणसे म्हणत, पोरांत दम नाही. दमाचा त्यात संबंध नव्हता. ५ मीटर हा आकडा त्या चढावाला चुकीचा होता.

एवढ्या जोराचे परिणाम सायकलीवरही होत. माझ्या सायकलीचा सगळ्यांत आधी कॉटर गेला. क्रँकला अ‍ॅक्सलवर अडकवून ठेवणारी ती लोखंडी खुंटी. तिच्या सपाट बाजूवर सगळा भार येतो. उभे राहून दाबले की ती सपाटी चेपते, क्रँक किंचित सैल होतो आणि प्रत्येक फेऱ्यात ‘कट’ असा आवाज येतो. मग बीबीचे, म्हणजे क्रँकच्या अ‍ॅक्सलभोवतीचे, छर्रे. मग चेन लांबली. दर दीड-दोन महिन्यांनी मी सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांकडे. कॉटर नरम निघाला असे तेव्हा मला वाटले. तो नरम होताही, पण ६० किलोचा ठोका फेऱ्यामागे दोनदा खाण्यासाठी तो कॉटर बनलेलाच नव्हता. सायकलीला हलका गिअर नसला की तो नसण्याचा भार कुठल्यातरी दुसऱ्या भागावर पडतो. त्या वर्षांत मोडलेल्या प्रत्येक भागाचा माग काढत गेलो की मी याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतो.

मिस्त्रीकाकांनी हे मला एका वाक्यात सांगितले होते. मी टायर बदलून आणखी जाड घालायला गेलो होतो. ते म्हणाले, “टायर जाड झाला म्हून चढाव कमी होते काय बाबू? मांगचे दात वाढव.” आणि त्यांनी पेटीतून २२ दातांचे फ्री व्हील काढले. दूधवाल्यांना ते हेच बसवून देत. ४४ भागिले २२, बरोबर दोन. एका फेऱ्यात ४.१२ मीटर. सहा टक्क्यांच्या चढावर सरासरी जोर २५ किलोवरून साडेवीसवर आला. सपाटीवर पाय जास्त फिरवावे लागू लागले, मित्र पुढे निघून जात, पण रामाकोन्यापुढचा पहिला चढ मी त्या महिन्यात न उतरता पार केला.

माझ्या मते सौंसरची पहिली खरी डोंगरी सायकल ती होती. दूधवाल्यांनी आणि मिस्त्रीकाकांनी कॅलिफोर्नियाचे नावही न ऐकता तोच रस्ता धरला होता. गरज कुठे आहे ते पाहायचे आणि तेवढाच भाग बदलायचा.

उतार

आम्हीही एकदा ‘ट्रक’ वापरला. फरक एवढा की आमचा ट्रक म्हणजे नॅरोगेजची गाडी. नागपूर-छिंदवाडा मार्ग अडीच फुटी होता आणि २०१५ मध्ये तो मोठ्या मापासाठी बंद होईपर्यंत सौंसरहून वर जायला तोच सगळ्यांत स्वस्त. चौघांनी सायकली सामानाच्या डब्यात टाकून उमरानाल्याला उतरवल्या आणि सिल्लेवानीने खाली आलो. श्रावण होता, सडक ओली.

उताराचे गणित चढावापेक्षा वेगळे चालते. सहा टक्क्यांच्या सरळ उतारावर ताठ बसलेल्या माणसाला हवाच अडवते. ब्रेक न लावता वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटरला स्थिर होतो. दहा टक्क्यांवर तो पन्नासला जातो. सरळ सडकेवर ते चालून जाते; प्रश्न वळणाचा असतो. घाटात प्रत्येक वळणाआधी सगळा वेग मोडावा लागतो आणि तो ब्रेकच्या रबरातून आणि रिममधून उष्णता होऊन जातो.

आमच्या रिम लोखंडी होत्या, वर क्रोमचा मुलामा. कोरड्या दिवशी रबर त्यावर बरे धरते. ओल्या क्रोमवर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि थांबायला लागणारे अंतर कित्येक पटींनी वाढते. लिव्हर दाबला की आधी काहीच होत नाही, दोन-चार फेऱ्यांत पाणी पुसले जाते आणि मग अचानक पकड येते. तिसऱ्या वळणावर माझ्या पुढच्या मित्राची सायकल कडेच्या गवतात गेली. त्याच्या कोपराला लागले, जास्त काही नाही. पण तेव्हापासून मी ओल्यात वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक नुसता टेकवून ठेवायला शिकलो. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ही अडचण खूपच कमी होते, आणि पुढे डिस्क ब्रेक आल्यावर रिम त्यातून सुटलीच. पण ‘माउंटन’ नावाच्या त्या सायकलीत पावसाळ्यातल्या उताराचा विचार केलेला नव्हता, आणि हे मला चढावाच्या उणिवेपेक्षा गंभीर वाटते. चढावर माणूस उतरून चालू शकतो.

त्याच उतारावर काळ्या सायकलीवर एक काका आमच्या मागून आले होते. त्यांचे सळ्यांचे ब्रेकही ओल्यात तसेच निकामी. पण ते हळू येत होते, आणि त्यांचा लांब सांगाडा, तिरपा चिमटा त्या वळणांतून असा शांत जात होता की हँडल धडपडताना दिसलेच नाही. आमची हँडले थरथरत होती. त्याचे कारण कोन आणि लांबी हेच.

माती आणि काटे

एका गोष्टीत मात्र रेंजरने काळ्या सायकलीला स्वच्छ हरवले, ती म्हणजे काळी माती. काळ्या सायकलीचे मडगार्ड टायराला जवळ असते. पावसाळ्यात पांदणीवर वीस-पंचवीस हात गेले की माती टायराला धरते, मडगार्डात कोंबली जाते आणि चाक जाम होते. मग काडी घेऊन ती काढत बसायचे, किंवा सायकल खांद्यावर घ्यायची. वीस किलोची सायकल, त्यावर पाच-सहा किलो चिखल. मृगात बगीच्यात जाणाऱ्या प्रत्येकाने हे केले आहे. रेंजरच्या चिमट्यात टायराभोवती मोकळी जागा होती आणि मडगार्ड काढून टाकता येत होते. चिखल धरायचा, पण फिरता फिरता उडूनही जायचा. पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत काळा पट्टा उठायचा, आईची बोलणी बसायची, पण सायकल चालत राहायची.

टायराचा खरा फायदाही इथेच, पण तो आम्ही बरीच वर्षे घेतला नाही. जाड टायर कमी हवेवर चालवता येतो. मागच्या चाकावर ४० किलो भार असेल आणि हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो, तर टायर जमिनीला १३ चौरस सेंटीमीटर टेकतो. दाब २ केला की २०. मुरमावर आणि सैल मातीवर हा फरक पकडीचा असतो. पण दुकानात हवा भरताना अंगठ्याने दाबून टायर दगडासारखा झाला की ‘हवा फुल्ल’. आम्ही जाड टायर घेऊन त्याला बारीक टायरासारखा वापरत होतो. बगीच्यात अडकल्यावर एकदा रागाने वाल्व्ह सैल करून थोडी हवा सोडली आणि सायकल चालू लागली, तेव्हा कळले. सराट्यांवर मात्र जाड टायराचा काहीही इलाज नाही. सराटा ट्यूबपर्यंत जातोच. पंचरचे सोल्युशन आणि जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे या खिशातल्या कायमच्या वस्तू होत्या.

नंतर शॉकअपवाल्या सायकली आल्या, पुढे आणि मागेही स्प्रिंग लावलेल्या. त्यांच्याबद्दल थोडक्यात : स्वस्त शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिचे हिंदोळे आवरायला तेल नसते. उभे राहून पायडल मारले की जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. ज्या सायकलीला गिअर नाही आणि जी उभे राहूनच चढवावी लागते, तिला मागे स्प्रिंग लावणे म्हणजे चढणाऱ्याचे कष्ट वाढवणे. वजन वाढते ते वेगळेच.

दुसरी सायकल

गिअरची सायकल मी नागपूरहून आणली. पुढे तीन चकत्या, मागे सहा. सगळ्यांत हलका गिअर २८ वर २८, म्हणजे एकास एक : पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, २.०६ मीटर. दहा टक्क्यांच्या त्याच चढावर सरासरी जोर १८ दातांवरच्या ४०ऐवजी १६ किलो, शिखर २५. सीटवर बसून, श्वास न तुटता, ताशी सात किलोमीटरच्या वेगाने. चालणाऱ्या माणसापेक्षा फार वेग नाही, पण चालणाऱ्याने सायकल ढकलायची असते आणि इथे सायकल मला नेत होती.

पहिल्या दिवशी सिल्लेवानी चढलो तेव्हा वर पोचून मी काही वेळ नुसता उभा राहिलो. इतकी वर्षे ज्या घाटाला मी माझ्या मांड्यांचे अपयश समजत होतो तो घाट पाऊण तासात खाली गेला होता. काही बदलले नव्हते, २.०६ आणि ४.१२ एवढाच फरक होता.

त्या सायकलीचेही तोटे होते. गिअर बदलण्याची तार ओलाव्याने गंजली, मागचा गिअर बदलणारा हात एका दगडावर आपटून वाकला, आणि सौंसरला तोवर असा हात कोणी सरळ केला नव्हता. मिस्त्रीकाकांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला, स्प्रिंग कुठे ओढते, चकत्या कोणत्या रेषेत याव्या लागतात ते स्वतःच समजून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पान्याने सरळ करून दिला. पुढे तालुक्यात गिअरच्या सायकली वाढल्या तेव्हा सगळ्या त्यांच्याकडेच जात. हे कौशल्य त्यांनी कोणत्या पुस्तकातून घेतले नव्हते. त्यांच्या हातांना फ्री व्हीलचे दात आणि चेनची रेषा तीस-चाळीस वर्षे माहीत होती, आणि गिअर म्हणजे मांगचे दात वाढवण्याचीच एक रीत आहे हे त्यांनी माझ्या कितीतरी आधी ओळखले होते.

पहिली सायकल विकली नाही. ती आमच्या बगीच्यातल्या खोलीत भिंतीला टेकून आहे. दिवाळीत गेलो तेव्हा मागचे चाक उचलून फिरवून पाहिले. टायर फाटला आहे, रिमचा क्रोम उडून आतले लोखंड लाल झाले आहे, चेन कोणीतरी काढून नेली आहे. फ्री व्हील मात्र अजून टक टक करत फिरते. बोटाने दात मोजले : बावीस.